भरलेले रकाने, निसटलेली नोंद

बाजारातले एखादे ॲप वापरायला अवघड वाटले, तर माणूस ते काढून टाकतो आणि दुसरे घेतो. बनवणाऱ्याला चूक लवकर कळते, कारण तोटा त्याच्याच खात्यावर पडतो. रुग्णालयातील संगणक प्रणालीच्या बाबतीत ही साखळी तुटलेली असते. प्रणाली विकत घेणारा ती वापरत नाही आणि वापरणाऱ्याला ती नाकारण्याची मुभा नसते. वॉर्डातली सिस्टर, ओपीडीतला निवासी डॉक्टर, उपकेंद्रातली आरोग्य सेविका यांना समोर येईल त्या स्क्रीनवर काम करावेच लागते, कारण त्याशिवाय औषध फार्मसीतून येत नाही, तपासणीचा रिपोर्ट दिसत नाही आणि महिन्याचा अहवाल पूर्ण झाला असे मानले जात नाही. त्यामुळे अवघड प्रणाली बंद पडत नाही. माणसे तिला वळसा घालून काम करायला शिकतात, आणि तो वळसा हळूहळू इतका अंगवळणी पडतो की बाहेरून पाहणाऱ्याला सर्व सुरळीत चालल्याचे दिसते. आरोग्यसेवेतील सॉफ्टवेअरची वापरसुलभता हा आपण कर्मचाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न समजतो, ही माझ्या मते मूळ गफलत आहे. तो नोंदीच्या खरेपणाचा आणि म्हणून रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आणि त्यातले नुकसान स्वतःचा पुरावा झाकत पुढे जाते, म्हणून ते विशेष काळजीचे आहे.

एक नेहमीचा प्रसंग तपशिलात पाहू. मेडिसिनच्या वॉर्डात रात्रपाळीला दोन सिस्टर आहेत, रुग्ण चाळीसच्या आसपास, आणि संगणक एकच, तोही नर्सिंग स्टेशनवर. रात्री दहाच्या औषधांची फेरी सुरू होते. प्रत्येक डोस दिला की लगेच नोंदवावा, अशी प्रणालीची अपेक्षा आहे. त्यासाठी खाटेपासून टेबलापर्यंत यायचे, लॉगिन करायचे, रुग्ण शोधायचा, औषधांची यादी उघडायची, डोसापुढे खूण करायची आणि पुन्हा पुढच्या खाटेकडे जायचे. हे जमणार नाही हे पहिल्याच रात्री कळते. म्हणून ट्रॉलीवरच्या कागदावर खुणा करत फेरी उरकली जाते. मध्येच नवी ॲडमिशन येते, कोणाचे सलाइन थांबते, कोणाला धाप लागते, आणि नोंदी संगणकात चढतात त्या पहाटे तीनच्या सुमारास, एका बैठकीत. वेळेच्या रकान्यात सगळ्यांसाठी 22:00 असते, कारण ऑर्डरमध्ये तीच वेळ आहे आणि दुसरी घातली तर प्रणाली प्रत्येक डोसासाठी विलंबाचे कारण मागते. पाळीच्या सुरुवातीला एकीने केलेल्या लॉगिनवरच दोघी काम करतात, कारण दर काही मिनिटांनी पासवर्ड घालत बसायला वेळ नसतो.

आता त्या चाळिसांपैकी एका रुग्णाला बारा तासांच्या अंतराने व्हॅन्कोमायसिन चालू आहे असे समजू. या औषधाची रक्तातील पातळी मोजावी लागते, कारण ती वाढली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि कमी पडली तर संसर्ग आटोक्यात येत नाही. मात्र ती संख्या वाचता येते ती आधीचा डोस नेमका केव्हा दिला हे माहीत असेल तरच. नोंदीत दहाची वेळ आहे. प्रत्यक्षात डोस साडेबाराला गेला होता. सकाळी साडेनऊला घेतलेल्या रक्तात पातळी अपेक्षेपेक्षा जास्त दिसते, कारण औषध उतरायला अडीच तास कमी मिळालेले असतात. राउंडवरचा डॉक्टर नोंद पाहतो, औषध शरीरात साठत आहे असा रास्त निष्कर्ष काढतो आणि मात्रा कमी करतो. संसर्ग लांबतो. या साखळीत कोणीही हयगय केलेली नाही. सिस्टरने सर्व डोस दिले, डॉक्टरने समोरच्या माहितीवर योग्य तर्क केला, आणि प्रणालीत एकही रकाना मोकळा नाही. चुकीचा उगम शोधायला कोणी बसलेच, तर त्याला सापडेल ती 22:00 ही व्यवस्थित नोंद.

सुरक्षाशास्त्रात एरिक हॉलनागेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी कल्पिलेले काम आणि प्रत्यक्ष घडणारे काम असा भेद केला आहे. सॉफ्टवेअर लिहिले जाते ते जवळजवळ नेहमी कल्पिलेल्या कामावरून: नियमपुस्तिका, अहवालांचे नमुने, वरिष्ठांच्या बैठका यांतून जमलेल्या गरजांच्या यादीवरून. वापरकर्ता-केंद्री रचनेचे आयएसओ 9241-210 हे आंतरराष्ट्रीय मानक हा क्रम उलटा करते. वापराचा संदर्भ आधी समजून घ्यावा, त्यातून गरजा ठरवाव्यात, मग आराखडा करावा, तो खऱ्या वापरकर्त्यांकडून तपासून घ्यावा आणि पुन्हा मागे जावे, असे त्याचे म्हणणे आहे. कागदावर हे सर्वांना मान्य असते. प्रत्यक्षात गळते ती पहिली पायरी, कारण ती संथ आहे आणि तिच्यातून दाखवण्यासारखे काही तयार होत नाही. वॉर्डात आठवडाभर बसून केलेल्या टिपणांचे सादरीकरण मंत्रालयात करता येत नाही. डॅशबोर्डचे करता येते.

ही पायरी गळली तर काय होऊ शकते याचे बहुधा सर्वांत चर्चिलेले उदाहरण अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचे आहे. तेथे 2002 मध्ये डॉक्टरांनी औषधे व तपासण्या थेट संगणकावर नोंदवण्याची प्रणाली सुरू झाली. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात 2005 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे हलवलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण प्रणालीपूर्वी 2.80 टक्के होते, ते नंतर 6.57 टक्के झाले. अशा आधी-नंतरच्या तुलनेतून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण लेखकांनी वर्णिलेली यंत्रणा दुर्लक्षिण्यासारखी नाही. गंभीर मूल वाटेत असतानाच औषधे तयार ठेवण्याची पद्धत पूर्वी होती. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष पोचून त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत ऑर्डर घालताच येत नव्हती. कागदावर काही सेकंदांत लिहून होणाऱ्या ऑर्डरीला आता अनेक क्लिक आणि एक-दोन मिनिटे लागत. औषधे अतिदक्षता विभागाच्या हाताशी होती, ती केंद्रीय फार्मसीत गेली. पहिल्या तासात खाटेशी हवा असलेला डॉक्टर किंवा परिचारिका संगणकाशी अडकून राहू लागली.

या प्रकरणाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगितला जातो कमी. त्याच कंपनीची तीच प्रणाली सिॲटलच्या बालरुग्णालयाने बसवली तेव्हा मृत्यूंत अशी वाढ आढळली नाही. तेथे नेहमी एकत्र लागणाऱ्या ऑर्डरींचे संच आधीच तयार केलेले होते. पुढे 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयातून आलेल्या अभ्यासात तर संगणकीय ऑर्डरींनंतर मृत्युदर घटल्याची नोंद आहे. म्हणजे प्रश्न संगणक हवा की कागद हवा असा नव्हताच. एकच सॉफ्टवेअर एका ठिकाणी धोक्याचे ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी निर्धोक, तेव्हा फरक शोधायचा तो त्या ठिकाणच्या कामाचा आणि सॉफ्टवेअरमधील गृहीतकांचा किती मेळ आहे, यात. आणि हा मेळ विक्रेत्याच्या कार्यालयात बसून पाहता येत नाही.

रचनेतील एक बारीक तपशील किती दूरवर जातो, याचे उदाहरण 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात घडले. रॉबर्ट वॉक्टर यांनी 'द डिजिटल डॉक्टर' या 2015 च्या पुस्तकात ते सविस्तर मांडले आहे, आणि रुग्णालयाने ते मांडू दिले हे विशेष. सोळा वर्षांच्या, 38.6 किलो वजनाच्या मुलाला सेप्ट्रा हे प्रतिजैविक द्यायचे होते. वजन 40 किलोपेक्षा कमी असल्यास मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये घालावी, असा तेथील नियम होता. हिशेबाने मात्रा 193 मिलिग्रॅम आली, गोळी मिळते 160 ची. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेरचा असल्याने फार्मासिस्टने नियमाप्रमाणे डॉक्टरला ऑर्डर पुन्हा घालायला सांगितले. डॉक्टरने 160 टाइप केले. पण रकान्याचे एकक डिफॉल्टने 'मिलिग्रॅम प्रति किलो' असेच होते. एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्यांची ऑर्डर तयार झाली.

मात्रा जास्त असल्याचा इशारा डॉक्टरला आला. तो दिवसभर येणाऱ्या इतर इशाऱ्यांसारखाच दिसत होता, म्हणून बंद झाला. फार्मासिस्टकडेही आला, तेथेही बंद झाला. यंत्रमानवाने गोळ्या न चुकता मोजून पॅक केल्या. मुलाच्या मजल्यावर बदलीवर आलेल्या परिचारिकेला इतक्या गोळ्या पाहून शंका आली, पण तिने बारकोड स्कॅन केला आणि यंत्राने डोस बरोबर असल्याचे सांगितले. ऑर्डर तशीच होती, त्यामुळे यंत्राचे उत्तर त्याच्या परीने खरेच होते. मुलाला फेफरे आले, तो वाचला. यात प्रत्येक टप्प्यावर एक सुरक्षा-उपाय होता, आणि प्रत्येकाने आधीच्या टप्प्याला तपासण्याऐवजी त्याच्यावर विश्वास टाकला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर साडेअडतीस गोळ्या असत्या, तर फार्मसीच्या खिडकीवरच कोणी तरी हसून ती परत पाठवली असती, असे मानायला जागा आहे. संगणकावर आलेल्या ऑर्डरीला मागच्या सर्व तपासण्या पार केल्याचे वजन असते, म्हणून तिच्याबाबत माणसाची स्वतःची शंका दुबळी पडते.

इशाऱ्यांचा प्रश्न येथे थोडा थांबून पाहायला हवा, कारण आपल्याकडच्या नव्या प्रणालींत तो वेगाने येत आहे. याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतील 77 खाटांवरच्या मॉनिटरांनी 31 दिवसांत 25 लाखांहून अधिक अलार्म नोंदवल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. औषध-सुरक्षेच्या संगणकीय इशाऱ्यांपैकी 49 ते 96 टक्के ओलांडले जातात, असे 2006 च्या एका आढाव्यात आढळले होते. याला कर्मचाऱ्यांची बेफिकिरी म्हणणे सोपे आहे. पण इशारे वाढतात कसे, ते पाहा. इशारा न दिल्याने अपघात झाला, तर बनवणारा आणि रुग्णालय अडचणीत येतात. निरर्थक इशारे शंभर दिल्याने एखादा खरा इशारा दुर्लक्षिला गेला, तर दोष तो बंद करणाऱ्याचा ठरतो. नवा इशारा जोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, ती वापरणाऱ्याच्या अवधानातून वसूल होते. अशा हिशेबात इशारे कमी होण्याचे कारणच उरत नाही, आणि एका मर्यादेनंतर प्रत्येक नवा इशारा आधीच्या सर्व इशाऱ्यांची किंमत उतरवतो.

याचा अर्थ वापरकर्ता मागेल ते देत जावे, असा कोणी घेतला तर तोही धोक्याचा आहे. थेरॅक-25 या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना घातक प्रमाणात जास्त किरण दिले, आणि त्यांतील काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी 1993 मध्ये या प्रकरणाची चिकित्सा केली. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक अटकाव या यंत्रात काढले होते आणि त्यांची जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली होती, हे मुख्य कारण बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेला भाग असा, की माहिती दोनदा भरावी लागते ही तंत्रज्ञांची तक्रार ऐकून उत्पादकाने एन्टर दाबत आधीची मूल्ये उतरवून घेण्याची सोय दिली होती. सरावलेला तंत्रज्ञ त्यामुळे भराभर पुढे जाऊ लागला, आणि टेक्ससमधील टायलर येथील अपघातांमागची सुप्त त्रुटी नेमकी तेव्हाच जागी होत असे, जेव्हा भरलेल्या मूल्यांतली दुरुस्ती फार थोड्या सेकंदांत पूर्ण होई. यंत्र 'मालफंक्शन 54' एवढेच सांगत असे; त्याचा अर्थ कळण्यासारखी माहिती तंत्रज्ञाकडे नव्हती, आणि असे संदेश रोजचेच असल्याने 'पी' दाबून पुढे जाण्याची सवय पडलेली होती. क्लिक कमी करणे म्हणजे वापरसुलभता, ही समजूत म्हणून अपुरी आहे. जेथे थांबून विचार करायला हवा तेथे वेग थोडा रोखणे आणि बाकी सर्वत्र वाट मोकळी ठेवणे, हे काम तक्रारपेटी उघडून साधत नाही. कामाचे निरीक्षण करूनच साधते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झाले. रुग्णाची ओळख पटवणारा चौदा अंकी आभा क्रमांक, रुग्णालयांची व डॉक्टरांची नोंदवही, नोंदींची देवाणघेवाण अशी त्याची रचना आहे, आणि तिची गरज मी नाकारत नाही. रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेला की त्याचा इतिहास पिशवीतल्या चुरगळलेल्या केसपेपरांत अडकून पडतो, ही अवस्था बदलायलाच हवी. मात्र गावपातळीवरची बहुतेक आरोग्य-सॉफ्टवेअर उपचारासाठी बनलेली नाहीत. ती अहवालासाठी बनलेली आहेत. आरोग्य सेविका भरते ती माहिती तालुका, जिल्हा, राज्य अशी वर चढते. तिच्या स्वतःच्या दुपारच्या गृहभेटीत ती माहिती तिला काय मदत करते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा देता येत नाही. भरणारीला उपयोग नसलेली नोंद ही तिच्या दृष्टीने निव्वळ मागणी असते, आणि मागणी भागवण्याचे तंत्र काम करण्याच्या तंत्राहून वेगळे असते.

अंगणवाडीतल्या नोंदी भरायचे पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च 2021 मध्ये आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल मोठ्या संख्येने परत केले. मोबाईल कमी क्षमतेचे आणि जुने होते, बिघडले की दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेवर पडत होता, आणि ॲप इंग्रजीत होते. या आंदोलनाकडे मानधनाच्या वादाचा एक भाग म्हणून पाहिले गेले. मला ते मोठ्या प्रमाणावर घेतलेली, फुकट मिळालेली वापरसुलभता-चाचणी वाटते. एवढा स्पष्ट निकाल कोणत्याही प्रयोगशाळेत लागला नसता.

भाषेचा प्रश्न मात्र मेनू मराठीत करून संपत नाही. गर्भवतीची नोंदणी सासरच्या गावात होते, पहिले बाळंतपण माहेरी होते. तेथील सिस्टरला जुनी नोंद सापडायला हवी. सासरी ती सुनीता, तिचे आधार कार्ड लग्नाआधीच्या नावाचे, एका ठिकाणी मधले नाव वडिलांचे, दुसरीकडे नवऱ्याचे, आणि रोमन लिपीत एकीने 'आय' वापरलेला तर दुसरीने दोनदा 'ई'. मोबाईल नंबर नवऱ्याचा आहे आणि नवरा कारखान्यावर. शोध लागत नाही, दिवसाचे उद्दिष्ट डोक्यावर आहे, म्हणून नवी नोंदणी होते. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात पोटुशी बाई गावच्या यादीत 'भेट बाकी' आणि फडाच्या गावात कोणाच्याच यादीत नाही. माहेर आणि ऊसतोड या महाराष्ट्राच्या समाजजीवनातील अपवादात्मक गोष्टी नाहीत. ज्या आराखड्यात त्यांना जागा नाही, तो बनवणाऱ्यांनी एका जिल्ह्यात एक हंगाम जरी काढला असता, तरी या दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यात समोर आल्या असत्या. अशा बाईचा दोन ठिकाणचा अर्धा इतिहास पुढे कधी एकत्र येत नाही. तिचे मागच्या खेपेचे सिझेरियन किंवा वाढलेला रक्तदाब हा त्यातल्या न सापडलेल्या अर्ध्यात असू शकतो.

याहून खोलवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे सक्तीचा रकाना. वजनकाटा बिघडलेला आहे, हिमोग्लोबिनच्या पट्ट्या संपल्या आहेत, किंवा बाई घरीच नव्हती. ॲपमध्ये वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब हे रकाने भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडत नाही. आढावा बैठकीत अपूर्ण नोंदींची यादी वाचली जाते. चुकीच्या नोंदींची यादी कोणाकडेच नसते. अशा वेळी मागच्या महिन्याच्या वजनात थोडे मिळवून आकडा टाकला जातो, रक्तदाब 120/80 होतो. यावर तोडगा म्हणून प्रणालीत मर्यादा बसवल्या जातात: अमुक ते तमुक याच्या बाहेरचा आकडा स्वीकारायचा नाही. येथे यंत्रणा उलटते. मर्यादा तपासणारा नियम टाइपिंगच्या ढोबळ चुका अडवतो हे खरे, पण तोच नियम भरणाऱ्याला कोणता खोटा आकडा खपतो हेही शिकवतो. परिणामी विसंगत दिसणारी, म्हणून ओळखता येणारी चूक नाहीशी होते आणि तिची जागा सुसंगत, न ओळखता येणारी चूक घेते. कोऱ्या रकान्याने निदान अज्ञान कबूल केले असते. शिवाय अडवला जातो तो नेमका महत्त्वाचा आकडाही: खरोखर अतितीव्र रक्तक्षय असलेल्या बाईचा आकडा मर्यादेबाहेर पडला, तर घाईत असलेली सेविका तो मर्यादेत बसवेल, ही शक्यता काल्पनिक मानता येत नाही.

पुढच्या टप्प्यावर हीच माहिती निधी वाटपाला, कार्यक्रमांच्या मूल्यमापनाला आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांना पुरवली जाणार आहे. असे प्रारूप माहितीतील नियमितता शिकते. वळशातून जन्मलेली नियमितता, म्हणजे 22:00 ला मिळालेले सर्व डोस आणि 120/80 चे सर्व रक्तदाब, त्याला शरीरशास्त्राची नियमितता वाटेल. जेथे काटा चालू आहे आणि सेविकेला वेळ आहे तेथील माहिती खडबडीत दिसेल, जेथे दोन्ही नाही तेथील गुळगुळीत. आणि सर्वांत कमी सेवा मिळणारी गावे सर्वांत कमी काळजीची ठरण्याचा संभव आहे.

मग दुरुस्ती का होत नाही? कारण तक्रार वर पोचण्याच्या वाटाच अरुंद आहेत. अमेरिकेत 2009 च्या कायद्याने अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन देऊन इलेक्ट्रॉनिक नोंदी पसरवल्या. त्याच वर्षी रॉस कॉपेल आणि डेव्हिड क्रेडा यांनी विक्रेत्यांच्या करारांतील अशा कलमांकडे लक्ष वेधले, ज्यांमुळे सॉफ्टवेअरच्या दोषाने झालेल्या अपायाचीही जबाबदारी डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर पडत होती. पुढे तेथे प्रमाणपत्रासाठी वापरकर्ता-केंद्री रचनेची अट आली. परंतु 2015 मध्ये राज रतवानी आणि सहकाऱ्यांनी 41 विक्रेत्यांचे अहवाल तपासले, तेव्हा 34 टक्क्यांनी आपली रचना-प्रक्रिया सांगितलेलीच नव्हती, आणि वैद्यकीय पार्श्वभूमीच्या किमान पंधरा जणांसह चाचणी केलेले विक्रेते अवघे नऊ होते. अट लिहिली म्हणजे ती पाळली जाते असे नाही. ती तपासण्याची क्षमता विकत घेणाऱ्याकडे असावी लागते.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे, वैद्यकीय उपकरणांसाठी 2015 पासून. निदानासाठी वापरायचे सॉफ्टवेअर 2020 च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत आले. पण ऑर्डर आणि नोंदी ठेवणारी रुग्णालय-व्यवस्थापन प्रणाली डिफॉल्ट एककामुळे चुकीचा डोस घडवते, तेव्हा तो प्रसंग नोंदवायला तितकी रुळलेली वाट नाही. तो 'मानवी चूक' म्हणून बंद होतो, संबंधित सिस्टरला मेमो मिळतो आणि रकाना तसाच राहतो. देशाचे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचे मानक 2013 मध्ये आले, 2016 मध्ये सुधारले गेले. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. संज्ञा कोणत्या वापराव्यात, नोंदी एकमेकांशी कशा जुळाव्यात, याचा तेथे झालेला विचार मोलाचा आहे. पण त्याचा भर नोंद एका यंत्रातून दुसऱ्यात कशी जाईल यावर आहे. ती माणसाकडून यंत्रात कशा अवस्थेत येते, हा प्रश्न मागे राहिला आहे. निविदेत वैशिष्ट्यांची यादी असते, किंमत असते, आणि शेवटी स्वीकृती-चाचणी असते, जी सभागृहात, चांगल्या इंटरनेटवर, प्रशिक्षित अधिकाऱ्यांसमोर, खोट्या रुग्णांच्या नावांनी पार पडते.

बदल कोठे करायचा हे यातूनच दिसते. स्वीकृती-चाचणी चालू वॉर्डात, रात्रपाळीत आणि सेविकेच्या हातातल्या त्याच मोबाईलवर व्हावी, आणि तिच्यातून किती वेळ लागला, किती चुका झाल्या, झालेली चूक किती लवकर लक्षात आली हे तीन आकडे मिळेपर्यंत शेवटचा हप्ता रोखावा. ओलांडल्या गेलेल्या इशाऱ्यांचे प्रमाण दर महिन्याला काढावे आणि जो इशारा जवळजवळ नेहमीच ओलांडला जातो तो काढण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या एखाद्या समितीला द्यावा. कामाच्या निरीक्षणाला निविदेत स्वतंत्र रक्कम आणि स्वतंत्र मुदत असावी; आज ती विक्रेत्याच्या नफ्यातून जाते, म्हणून सर्वांत आधी कापली जाते. हे करू शकणारी माणसे राज्यात नाहीत असेही नाही. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी ही रचनेची संस्था 1969 पासून आहे, आणि तेथे बनलेल्या 'स्वरचक्र' या कळफलकाने देवनागरीत टाइप करणाऱ्याची गरज अभ्यासून काय साधता येते हे दाखवले आहे. उपाय छोटा असला तरी त्याचा परिणाम मोठा असू शकतो. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट रोज लिहिले गेल्याने जगभर मृत्यू झाले आहेत. अमेरिकेतील सुरक्षित औषधवापर संस्थेने सुचवलेला उपाय एवढाच, की ऑर्डरीत डिफॉल्ट 'आठवड्यातून एकदा' ठेवावे आणि रोजचे लिहायचे असेल तर कारण द्यावे लागावे.

आणखी एक बदल मात्र थांबू शकत नाही, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक मोजमापाशेजारी ते आता मोजले, रुग्णाने सांगितले की मोजता आले नाही, हे नोंदवण्याची जागा हवी, आणि 'मोजता आले नाही' हे उत्तर आढावा बैठकीत दोष मानले जाऊ नये. बाकीच्या सुधारणा उशिरा झाल्या तर उशिरा का होईना उपयोगी पडतील. ही उशिरा झाली तर तोपर्यंतच्या कोट्यवधी आकड्यांपैकी काट्यावरून आलेले कोणते आणि बैठकीच्या धाकाने आलेले कोणते, हे सांगायला कोणतेही साधन उरणार नाही, कारण प्रणालीने दोन्ही एकाच रकान्यात, एकाच रूपात साठवलेले असतील.